पायाने पुसलेले पद : ‘मृच्छकटिका’च्या नवव्या अंकाची प्रस्तावना

‘मृच्छकटिका’च्या नवव्या अंकात रंगभूमीवर सर्वांत आधी येतो तो शोधनक. हा न्यायसभेचा पट्टेवाला. मंडप मोकळा करायचा, बैठका मांडायच्या आणि न्यायाधीशांना वर्दी द्यायची, एवढे त्याचे काम. ते उरकून तो निघतो, तोच समोरून राजाचा मेहुणा येताना दिसतो. शोधनक त्याची नजर चुकवून बाजूने सटकतो. अजून न्यायाधीश आलेले नाहीत, फिर्याद झालेली नाही, आरोपीला तर कशाचा पत्ताच नाही. पण या कचेरीत कोण कुणाला बिचकून असते, ते प्रेक्षकाला तेवढ्यात कळून जाते. ‘शोधन’ म्हणजे साफ करणे आणि ‘शोधन’ म्हणजे शोध घेणेही. या मंडपात पुढे दोन्ही गोष्टी व्हायच्या आहेत. पट्टेवाल्याचे हे नाव नाटककार शूद्रकाला सहज सुचले असेल, असे मला वाटत नाही.

मराठी रसिकाला हे नाटक ठाऊक आहे ते बहुतेक गोविंद बल्लाळ देवलांच्या संगीत नाटकामुळे. त्याआधी परशुरामतात्या गोडबोल्यांनी त्याचे मराठी भाषांतर केले होते. हिंदीत हबीब तन्वीरांनी १९५८ साली ‘मिट्टी की गाडी’ बसवली, तर गिरीश कर्नाडांचा ‘उत्सव’ हा चित्रपट १९८४ साली आला. इतक्या वाटांनी हे नाटक आपल्यापर्यंत पोचले, तरी आठवते ते काय? वसंतसेना, भर पावसातली ती भेट, भिंतीला भोक पाडण्यातही कलाकुसर शोधणारा शर्विलक, आणि रामायण-महाभारताची खिचडी करणारा शकार. ‘व्यवहार’ नावाचा नववा अंक मात्र आठवणीतून निसटतो. या पुस्तिकेत म्हणून तो एकटाच मराठी गद्यात दिला आहे. एकटा वाचला की त्याची धार लागते.

आधीचे कथानक थोडक्यात सांगायला हवे. चारुदत्त हा उज्जयिनीतला ब्राह्मण सार्थवाह. दानधर्मात सगळे घालवून कफल्लक झालेला. वसंतसेना ही नगरातली श्रीमंत गणिका. तिचे मन त्याच्यावर जडलेले. राजा पालकाचा मेहुणा संस्थानक तिच्या मागे लागलेला. ‘स’च्या जागी ‘श’ बोलणारा म्हणून तो शकार. चारुदत्ताला भेटायला निघालेली वसंतसेना चुकून शकाराच्या गाडीत बसते, आणि जी गाडी तिला न्यायला आली होती तिच्यात तुरुंगातून पळालेला आर्यक चढतो. पुष्पकरंडक नावाच्या जुन्या बागेत शकार तिचा गळा आवळतो आणि ती मेली असे समजून वाळक्या पानांखाली झाकून टाकतो. एक भिक्षू तिला वाचवतो, पण हे नगराला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी खून करणाराच फिर्याद घेऊन न्यायसभेत येतो. नववा अंक इथे सुरू होतो.

न्यायाधीशाला शूद्रक ‘अधिकरणिक’ म्हणतो. त्याच्यासोबत श्रेष्ठी आणि कायस्थ हे दोघे बसतात. आजच्या भाषेत एक व्यापाऱ्यांचा प्रतिनिधी आणि एक लेखनिक. हा न्यायाधीश लाचखाऊ नाही, मूर्ख नाही, आळशीही नाही. आल्या आल्या तो स्वतःच्या धंद्याची अडचण बोलून दाखवतो. पक्षकार आपापला दोष लपवून ठेवतात, दोन्हीकडचे लोक गोष्ट फुगवून सांगतात आणि शेवटी बोल लागतो तो निवाडा करणाऱ्याला. ज्याला खुर्चीचे ओझे कळते, असा हा माणूस आहे.

शोधनक बाहेर जाऊन पुकारा करतो आणि सांगत येतो, राजाचा मेहुणा दाराशी उभा आहे. न्यायाधीशाला हा अपशकुन वाटतो, उगवत्या सूर्याला ग्रहण लागावे तसा. तो निरोप पाठवतो, आज तुझे प्रकरण चालणार नाही. शकार भडकतो. मेहुण्याला सांगेन, बहिणीला सांगेन, आईला सांगेन, या न्यायाधीशाला काढून इथे दुसरा आणून बसवेन! हे कानावर येताच न्यायाधीश मनाशी म्हणतो, या मूर्खाचा काही भरवसा नाही. मग दुसरा निरोप जातो: ये, तुझे प्रकरण चालवतो.

या दोन निरोपांत सगळा अंक आहे. माझे म्हणणे एवढेच, की या नाटकात न्याय निकालाच्या वेळी मरत नाही, तारखेच्या वेळी मरतो. पुढचे सगळे कामकाज रीतसर होते. साक्षीदार येतात, नोंदी होतात, जागेची पाहणी होते, मुद्देमाल ओळखायला दिला जातो. न्यायाधीश जागोजाग आरोपीच्या बाजूला झुकतो. पण ‘आज नाही’चे ‘बरे, ये’ झाले ते एका धमकीमुळे, आणि ते धमकावणाऱ्याला पक्के कळले आहे. आत येताना शकार मनाशी तेच म्हणतो: आधी नाही म्हणाले, आता हो म्हणतात, हे घाबरले आहेत, मी म्हणेन ते यांच्या गळी उतरवीन. कुठे बसू, असे विचारण्याचा आव आणत तो श्रेष्ठीकडे बोट दाखवतो, शोधनकाकडे दाखवतो आणि शेवटी थेट न्यायाधीशाच्या डोक्यावर हात ठेवतो. मग जमिनीवर बसतो. हसू येते, आणि हसता हसता अंगावर काटा येतो.

ज्याची धमकी आहे तो राजा पालक अख्ख्या नाटकात एकदाही रंगभूमीवर येत नाही, हे इथे ध्यानात ठेवावे. त्याचा फक्त निरोप येतो. न दिसणाऱ्या माणसाची भीती दिसणाऱ्यापेक्षा जास्त पसरते, हे शूद्रकाला नेमके कळले होते.

आता सगळ्या अंकातली माझी सर्वांत आवडती जागा. शकार सांगू लागतो, की मी बागेत गेलो, एका बाईचे प्रेत पाहिले, दागिन्यांच्या लोभाने कुणीतरी तिचा गळा दाबला. आणि पुढे त्याच्या तोंडून निसटते, ‘मी नाही’. तो झटकन तोंडावर हात ठेवतो. न्यायाधीशाचे कान टवकारतात. तो लगेच लेखनिकांना सांगतो, ‘मी नाही’ हे या प्रकरणातले पहिले व्यवहारपद म्हणून लिहून घ्या. लिहिले जाते. गरम खीर घाईने गिळायला जावे तसे आपण तोंड पोळून घेतले, हे शकाराच्या लक्षात येते. मग तो काय करतो? मी नुसते पाहिले म्हणालो, त्यात एवढा गोंधळ कशाला, असे म्हणत लिहिलेले पायाने पुसून टाकतो.

आजचा वाचक विचारील, कोर्टाची नोंद पायाने कशी पुसता येईल? त्या काळच्या रीतीप्रमाणे येत होती. फिर्यादीचा कच्चा मजकूर आधी खडूसारख्या पांढऱ्या द्रव्याने फळीवर किंवा जमिनीवर लिहावा, तो दुरुस्त करावा आणि मग पक्क्या पत्रावर उतरवावा, असे स्मृतिकार सांगतात. याज्ञवल्क्य स्मृतीत व्यवहाराचे चार पाद येतात: फिर्याद, उत्तर, पुरावा आणि निर्णय. कोकणातून येऊन मुंबईत वकिली केलेल्या आणि १९६३ साली भारतरत्न झालेल्या महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राच्या इतिहासा’च्या तिसऱ्या खंडात ही सगळी कार्यपद्धती बारकाईने मांडली आहे. ती वाचून या अंकाकडे परत यावे. मग कळते, की शूद्रकाने न्यायसभा कल्पनेने रंगवलेली नाही. कचेरीत बसून उठलेल्या माणसाची ही नजर आहे. आणि संस्कृतात ‘पद’ म्हणजे खटल्याचा मुद्दा, शब्द आणि पाऊलही. खरा मुद्दा लिहिला गेला होता. तो एका पावलाने पुसला, आणि ‘पुन्हा लिहा’ असे म्हणायला भरल्या सभेत कुणी धजावले नाही.

त्यानंतर पुरावे येऊ लागतात. गंमत अशी, की ते चारही खरे आहेत. वसंतसेनेची म्हातारी आई सांगते, मुलगी चारुदत्ताकडे गेली आहे. खरे. नगररक्षक वीरक सांगतो, मी रस्त्यात चारुदत्ताची गाडी पाहिली, वसंतसेनेला बागेत नेतो आहे असे गाडीवान म्हणाला. गाडी खरीच चारुदत्ताची, गाडीवान खरेच तसे म्हणाला होता. आत आर्यक होता एवढेच. बागेत बाईचे प्रेत आहे का ते पाहायला वीरकालाच घोड्यावरून पाठवतात. प्रेत खरेच सापडते. श्वापदांनी फाडलेले, दुसऱ्याच कुणा अभागिनीचे. आणि चारुदत्ताचा मित्र मैत्रेय सभेत येऊन शकाराशी हातघाईवर येतो, तेव्हा त्याच्या काखेतून दागिने खाली पडतात. ते खरेच वसंतसेनेचे आहेत. खोटी साक्ष द्यायला इथे कुणी पढवलेले नाही. चार खऱ्या गोष्टी एका रांगेत उभ्या राहतात आणि त्यांतून एक खोटी गोष्ट सिद्ध होते.

या वीरकाची एक बारीक गोष्ट नजरेतून सुटू नये. तो साक्ष द्यायला आलेलाच नसतो. सहकारी चंदनकाने आपल्याला लाथ घातली, अशी त्याची स्वतःची तक्रार असते. न्यायाधीश म्हणतो, तुझे नंतर पाहू, आधी घोड्यावर बस आणि बागेत जाऊन ये. राजाच्या मेहुण्याला आजची तारीख मिळाली, लाथ खाल्लेल्या शिपायाला पुढची. त्याच्या तक्रारीचे काय झाले ते नाटक पुन्हा सांगत नाही.

दागिन्यांची कथा तर काळजाला हात घालते. नाटकाला नाव देणारी ती मातीची गाडी इथे येऊन पोचते. सहाव्या अंकात चारुदत्ताचा लहानगा रोहसेन शेजारच्या मुलासारखी सोन्याची गाडी हवी म्हणून रडत असतो. ही तुझी आई, असे दासी वसंतसेनेकडे बोट दाखवून सांगते, तेव्हा तो विचारतो, आई असेल तर एवढे दागिने कसे? वसंतसेना अंगावरचे दागिने उतरवते आणि त्याच्या मातीच्या गाडीत भरते: घे, सोन्याची गाडी कर. ते परत करायला मैत्रेय निघालेला असतो आणि वाटेत मित्राला कचेरीत बोलावल्याचे ऐकून इकडे वळतो. एका बाईने पोराची आई व्हायला उतरवलेले दागिने असे न्यायसभेत मुद्देमाल होऊन पडतात. नाटकातल्या सर्वांत कोवळ्या क्षणातून सर्वांत घातक पुरावा काढायचा, ही करामत मोठ्या नाटककारालाच जमते.

मग चारुदत्त बोलत का नाही? तो तोंड उघडत नाही याला कारणे आहेत, आणि त्यांतले एकही खुनाशी जोडलेले नाही. गणिका आपली मैत्रीण आहे, हे भर सभेत सांगायची त्याला लाज वाटते. शिवाय आपल्या गाडीतून आर्यक निसटला आणि आपण त्याला अभय दिले, हा राजद्रोह त्याच्या मनात घर करून आहे. वाटेत कावळा ओरडतो, डावा डोळा फडफडतो, तेव्हा त्याला वाटते, राजाला कळले की काय! न केलेल्या गुन्ह्यासाठी बोलावणे आलेले असते आणि तो येतो केलेल्या गुन्ह्याची धाकधूक घेऊन. गाडीबद्दल खरे सांगावे तर दुसरा माणूस मरतो. दागिन्यांबद्दल मात्र तो खोटे बोलू शकत नाही. वसंतसेनेच्या आईने ‘तसेच दिसतात, पण ते नव्हेत’ असे सांगून त्याला वाट करून दिलेली असते. कारागीर हुबेहूब नक्कल करतात असे म्हणून न्यायाधीशही ती वाट रुंद करतो. चारुदत्त ती वाट घेत नाही. दागिने तिच्याच मुलीचे, असे तो स्वतःहून सांगतो. शेवटी, ती नसेल तर जगून काय करायचे, या भावनेने तो अर्धे वाक्य बोलतो आणि उरलेले शकाराने पुरे करावे म्हणून सोडून देतो. शकार ते आनंदाने पुरे करतो. कबुलीजबाब होतो तो असा: निम्मा आरोपीचा, निम्मा फिर्यादीचा.

या सगळ्या गदारोळात कायद्याचे सर्वांत नेमके वाक्य बोलते ती वसंतसेनेची आई. ही वृद्ध गणिका रंगभूमीवर नेहमी हशा पिकवण्यासाठी वापरली जाते. ती म्हणते, मुलगी माझी. मेली तर माझी मेली. हा जगू दे. आणि वाद हा फिर्यादी आणि आरोपी यांचा असतो. फिर्यादी मी आहे, तेव्हा सोडा याला. सभेत दोन संस्कृत बोलणारे विद्वान बसलेले आहेत, न्यायाधीश आणि चारुदत्त. मुद्दा सुचतो तो प्राकृत बोलणाऱ्या म्हातारीला. शकार तिला हिडीसफिडीस करतो, आणि न्यायाधीशही तिला बाहेर घालवायला सांगतो. अंकात त्याच्या हातून इतका उघड अन्याय दुसरा होत नाही, आणि तो घडतो अगदी सभ्य आवाजात. मुलगी कुणाकडे गेली, हा प्रश्न तिला भरसभेत विचारला तेव्हा ती लाजून म्हणाली होती, हे न्यायाधीशाने विचारायचे नसते. तिला उत्तर मिळाले होते, व्यवहार विचारतो आहे, मग दोष कसला? उत्तर देण्यापुरते तिला सभेत स्थान होते, मागणे मागण्यापुरते नव्हते. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या १९६७ सालच्या नाटकातली लीला बेणारे आठवावी. तिथे कोर्ट खोटे, खेळातले आहे आणि बाईवरचा घाव खरा. इथे कोर्ट खरे आहे आणि एक माणूस त्याचा खेळ करतो. बाईला बोलते करायचे आणि तिचे ऐकायचे नाही, ही रीत दोन्हीकडे सारखीच.

निकालाचे वाक्य न्यायाधीश फार जपून बोलतो: निर्णय करणे आमच्याकडे, पुढचे राजाकडे. मनूचा दाखला देऊन तो शिफारस करतो, की ब्राह्मणाला देहदंड नको, मालमत्तेसह हद्दपार करावे. ही सवलत जातीची आहे, हे आजच्या वाचकाला खुपेल आणि खुपावे. पण पालक ती मोडतो, ती सगळे समान म्हणून मोडत नाही. तेच दागिने गळ्यात बांधून, डंका पिटत दक्षिणेच्या स्मशानात नेऊन सुळावर चढवा, असा त्याचा हुकूम येतो. मग चारुदत्ताला वाचा फुटते. विष, पाणी, तराजू, अग्नी यांपैकी एखादे दिव्य तरी मला करायला लावायचे होते, असे तो म्हणतो. उशीर झालेला असतो.

या अंकाच्या कर्तेपणाविषयी एक गोष्ट सांगायला हवी. विसाव्या शतकाच्या आरंभी गणपतिशास्त्रींना केरळात ‘चारुदत्त’ नावाचे चार अंकी नाटक सापडले आणि ते भासाचे म्हणून प्रसिद्ध झाले. ‘मृच्छकटिका’चे पहिले चार अंक त्याच्याशी इतके जुळतात, की एकाने दुसऱ्यावरून घेतले यात शंका उरत नाही. कुणी कुणावरून, यावर विद्वान भांडत आले आहेत. पण त्या चार अंकांत न्यायसभा नाही. प्रेमकथेला कचेरीच्या दारात आणून उभे केले ते ‘मृच्छकटिका’ने. चांगल्या माणसांची गोष्ट सांगायची तर ती राज्य कोणाचे आहे ते सांगितल्याशिवाय पुरी होत नाही, असे त्याच्या कर्त्याला वाटले असावे.

मराठी करताना काही शब्दांनी अडवले. ‘व्यवहार’ म्हणजे मुळात खटला. मराठीत तो पैशाच्या देवघेवीला चिकटला. तरी अंकाचे नाव तेच ठेवले, कारण या सभेत देवघेवही चालू आहेच. ‘अर्थी-प्रत्यर्थी’चे फिर्यादी-आरोपी केले, ‘अधिकरणमंडपा’ची कचेरी केली. शोधनकाला मात्र शोधनकच राहू दिले. शकाराची ‘श’कारी बोली मराठीत आणायचा मोह आवरला, कारण तो बोबडा वाटला की विनोदी होतो, आणि विनोदी झाला की निरुपद्रवी वाटतो. या अंकात तो निरुपद्रवी नाही.

शेवटी एक गोष्ट दहाव्या अंकातली, कारण तिच्यावाचून नववा अंक पुरता उलगडत नाही. चारुदत्ताला स्मशानाकडे नेणाऱ्या दोन चांडाळांत आज कुणाची पाळी, यावर बोलणे चालते. ज्याची पाळी निघते तो म्हणतो, बापाने मरताना सांगितले होते, मारायची घाई करू नकोस. कुणी भला माणूस पैसे भरून सोडवील, राजाला मुलगा होईल, हत्ती साखळी तोडून सुटेल आणि त्या धांदलीत कैदी निसटेल. किंवा राज्यच पालटेल. म्हणून तो रेंगाळतो. तेवढ्या वेळात वसंतसेना धावत येऊन पोचते, आणि राज्यही पालटते.

न्यायाधीशाकडेही एका सकाळी तेच होते. ‘आज नाही’ एवढे त्याने धरून ठेवले असते, तरी एक दिवस मिळाला असता. शास्त्र जाणणाऱ्याला ते धरवले नाही; सुळावर चढवणाऱ्याने बापाचा शब्द म्हणून ते धरले. पुढची पाने वाचताना पहिल्या दोन निरोपांपाशी थोडे थांबावे, एवढीच विनंती.